पाण्याखालचा वाडा

“काकी, पाय टेकू नका! तो दगड नाय, जिवंत आसा!”

मास्कमध्ये पाणी शिरलं म्हणून मी घाबरून डोकं वर काढलं आणि पायाखाली जे आलं त्यावर उभी राहिले, तर होडीतला मालवणी पोरगा ओरडलाच. गेल्या डिसेंबरात आम्ही अकोल्याहून मालवणला गेलो होतो. आम्ही वऱ्हाडातले. पाणी म्हणजे मोर्णा नदी आणि काटेपूर्णा धरण, एवढंच ठाऊक. पन्नाशीत पहिल्यांदा समुद्रात उतरले आणि उतरल्या उतरल्या कुणाच्या तरी घरावर पाय दिला!

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं हे पाणी म्हणजे मालवणचं सागरी अभयारण्य. १९८७ साली जाहीर झालेलं, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. पोवळं म्हटलं की आपल्याला अंगठी आठवते. पण इथलं प्रवाळ म्हणजे इवल्या इवल्या प्राण्यांची वसाहत. ते चुन्याची घरं बांधतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उन्हावर अन्न तयार करून घरमालकाला देतं. आणि या घरांच्या कपारींत मासे बिऱ्हाड करतात.

दुसऱ्यांदा मान पाण्यात घातली आणि मला माहेरचा, अमरावतीच्या बुधवाऱ्यातला वाडा आठवला. सात बिऱ्हाडं, एक नळ. भांडणं व्हायची, पण निभायचं. कारण प्रत्येकाची जागा आणि वेळ ठरलेली.

प्रवाळातही तसंच असतं. पोपटमासा चोचीसारख्या दातांनी दिवसभर शेवाळ खरवडतो. एखादा वीतभरही नसलेला मासा आपल्या शेवाळाच्या तुकड्याची राखण करतो, कुणी फिरकलं की अंगावर धावून जातो. कुठे सफाई करणारे छोटे मासे दुकान मांडून बसतात. मोठा मासा तोंड उघडून उभा राहतो, हे आत शिरून दात साफ करतात, आणि तो सहसा त्यांना गिळत नाही! अंधार पडला की दिवसाचे मासे कपारीत शिरतात आणि मोठ्या डोळ्यांचे रातपाळीवाले बाहेर पडतात. खोली एकच, पाळ्या दोन.

पण खोली मिळते कुणाला? घरी आल्यावर वाचत बसले. बहुतेक माशांची पिल्लं अंड्यातून निघाली की समुद्रात वाहत जातात. काही आठवडे भटकून प्रवाळाच्या आवाजाचा, वासाचा माग काढत येतात. ऑस्ट्रेलियातल्या प्रवाळांवर काम करणाऱ्या पीटर सेल यांनी १९७७ साली मांडलं की, ही चक्क लॉटरी आहे. जागा रिकामी झाली तेव्हा जो हजर, त्याची. म्हणून एकच जात सगळं बळकावत नाही आणि कित्येक जाती शेजारी नांदतात. पुढे इतरांनी दाखवलं की नुसतं नशीब नाही. कुणाला विशिष्ट फांदीच लागते, कुणाला शिकारी टिकू देत नाही.

हे सारं आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “आपला वाडा पाडला, तवा सारे कुठं ना कुठं लागले. या माश्यायचं घर पडलं तर थे कुठी जातीन वं?”

मी गप्प झाले. पाणी फार तापलं की प्रवाळ आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. उष्मा लांबला तर मरतं. मग कपारी ढासळतात आणि मासे घटतात. एप्रिल २०२४ मध्ये जगभरातली अशी चौथी मोठी लाट जाहीर झाली. मालवणच्या प्रवाळावरही असा पांढरेपणा शास्त्रज्ञांनी नोंदवला आहे. त्यात होड्यांचे नांगर, आणि माझ्यासारख्या हौशी पर्यटकांचे पाय!

मैत्रिणींनो, मालवणला जरूर जा. पाण्यातही उतरा. पण पाण्यात घाबरलात तर होडीला धरा, पाय टेकू नका. आणि आठवण म्हणून प्रवाळाचा तुकडा पर्समध्ये घालून आणू नका.

माझ्या पायाखाली त्या दिवशी काही मोडलं का, हे त्या पोराला विचारायचं मात्र मला धाडस झालं नाही.