विमान कंपनीच्या नोकरांचा पास : दोन कंपन्या एक होतात तेव्हा

श्रोतेहो, रेल्वेत नोकरी करणाऱ्या माणसाला पास मिळतो, हे आपल्याकडे खेड्यापाड्यांतही ठाऊक आहे. विमान कंपन्यांतल्या नोकरांनाही असाच पास असतो. पण त्याची तऱ्हा थोडी निराळी आहे. रेल्वेचा पास दाखवून आधी जागा राखून ठेवता येते. विमानाच्या पासावर बहुधा तसे करता येत नाही. पैसे भरून आलेले सारे उतारू बसले आणि त्यानंतर एखादी खुर्ची रिकामी उरली, तरच पासवाल्याचे नाव पुकारले जाते. नाही उरली, तर त्याने पिशवी उचलावी आणि पुढच्या विमानाची वाट पाहावी. या पद्धतीला ‘स्टँडबाय’ म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर ‘जागा राहिली तर बसा’.

आता तुम्ही म्हणाल, नोकर कंपनीचा, विमान कंपनीचे, मग एक खुर्ची आधीच बाजूला काढून ठेवायला काय हरकत आहे? याचे उत्तर पैशात आहे. दूध संध्याकाळपर्यंत विकले गेले नाही तर नासते. विमानातली खुर्चीही तशीच. विमान उडाले की रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य होते. ती नोकराला दिली तर कंपनीचे फारसे काही जात नाही. पण तीच खुर्ची आधीपासून अडवून ठेवली, तर एका गिऱ्हाइकाचे पैसे बुडतात.

अमेरिकेच्या आयकर कायद्यानेही १९८४ साली हाच भेद मान्य केला. ज्या सवलतीसाठी मालकाला वेगळा खर्च येत नाही आणि विक्रीही सोडावी लागत नाही, ती नोकराच्या उत्पन्नात धरू नये, असा नियम झाला. विमानप्रवासापुरती ही सूट नोकराची बायको किंवा नवरा, त्याच्यावर अवलंबून असलेली मुले आणि आईवडील यांनाही लागू आहे. निवृत्त झालेल्यांनाही आहे. म्हणजे पासावर कर नाही, पण खुर्चीची खात्रीही नाही. या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. हा पास म्हणजे रांगेत उभे राहण्याची परवानगी आहे. पासाची खरी किंमत दोन गोष्टींवर ठरते. रिकाम्या खुर्च्या किती, आणि रांगेत आपला नंबर कितवा? दोन कंपन्या एक झाल्या म्हणजे या दोन्ही गोष्टी एकदम बदलतात. पासाचा कागद मात्र जसाच्या तसा राहतो.

या बाबतीत अमेरिकेतले एक उदाहरण फार बोलके आहे. अमेरिकन एअरलाइन्स आणि यूएस एअरवेज या दोन मोठ्या कंपन्यांचे विलीनीकरण ९ डिसेंबर २०१३ रोजी पुरे झाले. दोन्हीकडे नोकरांना पास होता. पण रांग लावण्याची रीत वेगळी होती. यूएस एअरवेजमध्ये सेवाज्येष्ठता पाहत, म्हणजे ज्याची नोकरी जुनी त्याचा नंबर आधी. अमेरिकनमध्ये नोंदीची वेळ पाहत, म्हणजे ज्याने आधी नाव नोंदवले तो आधी. ही नोंद विमान सुटण्याच्या चोवीस तास आधीपासून करता येई.

आता आपण एक हिशोब मांडून पाहू. समजा, डॅलस शहराहून फिनिक्सला जाणारे एक विमान आहे. खुर्च्या १६०, विकलेली तिकिटे १५८. उरल्या दोन. दाराशी चार पासवाले उभे आहेत. पहिला मिस्त्री. त्याची नोकरी २८ वर्षांची, पण तो रात्रपाळीवर इंजिनाखाली होता. हात मोकळे झाले तेव्हा सकाळी आठला त्याने नाव नोंदवले. दुसरी हवाईसेविका, १२ वर्षांची नोकरी, तिची नोंद पहाटेची. तिसरा सामान चढवणारा हमाल, ६ वर्षांची नोकरी, त्याची नोंद आदल्या रात्रीची. चौथी तिकीट खिडकीवरची मुलगी. नोकरीला दोनच वर्षे झालेली, पण चोवीस तास भरताक्षणी तिने नाव घातले.

ज्येष्ठता पाहिली तर मिस्त्री आणि हवाईसेविका जातील. नोंदीची वेळ पाहिली तर खिडकीवरची मुलगी आणि हमाल जातील. खुर्च्या त्याच, माणसे तीच, पासही तेच. रांगेचा नियम बदलला आणि आत जाणारे दोघेही बदलले.

यात खरा न्याय कोणता? ज्येष्ठतेच्या बाजूचा माणूस म्हणेल, “अठ्ठावीस वर्षे राबलो, त्याचे काही मोल आहे की नाही?” दुसऱ्या बाजूचा म्हणेल, “दादा, तुमचे खरे. पण दिवाळीसारख्या सणाला नव्या माणसाचा नंबर मग कधी लागायचा? पंचवीस वर्षांनी?” दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. म्हणूनच हा प्रश्न कागदावर सोपा दिसतो आणि माणसांच्या मनात खोल रुततो.

नव्या कंपनीचा मुख्य अधिकारी यूएस एअरवेजकडून आलेला होता. तरीही २०१४ मध्ये नियम ठरला तो अमेरिकनच्या रीतीने, म्हणजे आधी नोंद त्याचा आधी नंबर. त्यामुळे यूएस एअरवेजच्या जुन्या नोकरांनी वर्षानुवर्षे साठवलेली ज्येष्ठता पासाच्या रांगेत एकाएकी निरुपयोगी झाली.

पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. आता आपल्या रांगेत पाचवा माणूस उभा करू. हा पस्तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेला आहे. नातवंडांना भेटायला निघालेला आहे. त्याला सवड भरपूर, म्हणून सगळ्यांच्या आधी, अगदी पहिल्या मिनिटाला त्याने नाव नोंदवले. अमेरिकनच्या जुन्या रीतीत निवृत्त माणूस आणि कामावरचा माणूस एकाच पायरीवर असत. तेव्हा पहिली खुर्ची त्याला मिळाली असती. नव्या नियमात कामावरची माणसे आधी, निवृत्त त्यांच्यामागे, आईवडील त्यांच्याही मागे, आणि नोकराने ओळखीच्या लोकांना दिलेले पास सर्वांत शेवटी, अशा पायऱ्या लागल्या. म्हणजे आपला हा पहिला आलेला माणूस पाचवा झाला. निवृत्त मंडळींनी याबद्दल मोठी नाराजी दाखवली. त्यांच्यापैकी पुष्कळांनी कमी पगाराची वर्षे ‘म्हातारपणी फिरायला तर मिळेल’ या आशेवर काढली होती. कंपनीच्या बाजूनेही विचार असा की, आज घाम गाळतो त्याला आधी बसवावे. मोडलेल्या आशेचे मोल मात्र कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

कुणी म्हणेल, फुकटच्या प्रवासासाठी एवढी रडारड कशाला? तर तिकडे हा प्रश्न नुसत्या सहलीचा नाही. अमेरिकेत कित्येक वैमानिक आणि हवाईसेविका राहतात एका शहरात आणि त्यांची ड्यूटी सुरू होते दुसऱ्या शहरातून. कामावर पोहोचण्यासाठीच त्यांना रिकाम्या खुर्चीची वाट पाहावी लागते. रांगेत दोन नंबर मागे पडले म्हणजे आदल्या दिवशी घर सोडावे लागते. लेकराबाळांतला एक दिवस कमी होतो.

दुसरी गोष्ट रिकाम्या खुर्च्यांची. १९७८ सालापर्यंत अमेरिकेत विमानांचे मार्ग आणि भाडी सरकार ठरवत असे. त्या काळात विमाने साधारण अर्धी किंवा त्याहून थोडी अधिक भरत. पासवाल्याला जागा मिळणे तेव्हा अवघड नव्हते. अलीकडच्या वर्षांत तीच विमाने ऐंशी टक्क्यांहून अधिक भरून जातात. दोन कंपन्या एक झाल्या की एकाच वेळी एकाच गावी जाणारी दोन अर्धी विमाने चालवण्याचे कारण उरत नाही. एकच भरलेले विमान सुटते. कंपनीच्या दृष्टीने हा फायदा. विलीनीकरणाने नोकरालाही काही मिळते. पासावर जाता येईल अशी गावे वाढतात. पण रांगेतली माणसे वाढतात आणि खुर्च्या कमी उरतात. गावांची यादी लांबली, एवढ्यावरून पास मोठा झाला असे समजणे भाबडेपणाचे ठरेल.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक गोष्ट चटकन पटेल. दोन शाळा एकत्र केल्या किंवा शिक्षकांचे समायोजन निघाले, की पहिला वाद ज्येष्ठता यादीचा असतो. दुसऱ्या संस्थेतली माझी वर्षे धरणार की नाही? विमान कंपन्यांतही हाच वाद होतो. २००१ साली अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए ही जुनी कंपनी घेतली, तेव्हा टीडब्ल्यूएच्या हवाईसेविकांना कामाच्या ज्येष्ठता यादीत सर्वांत खाली घालण्यात आले. वीस-वीस वर्षे काम केलेल्या बायका काल आलेल्या मुलीच्या खाली गेल्या. पुढे नोकरकपात आली तेव्हा त्याचा फटका त्यांनाच बसला. मिझुरी राज्याचे दोन सिनेटर, मॅककॅस्किल आणि बाँड, हे वेगवेगळ्या पक्षांचे. पण त्यांनी मिळून प्रयत्न केला आणि डिसेंबर २००७ मध्ये कायदा झाला. विमान कंपन्या एक होताना ज्येष्ठता याद्या न्याय्य रीतीने जोडल्या पाहिजेत, असे त्यात सांगितले आहे. पण हा कायदा कामाच्या ज्येष्ठतेपुरता आहे. पासाची रांग कशी लावायची, हे बहुधा कंपनीच्या धोरणावरच राहते. धोरण म्हणजे काय, तर आज आहे, उद्या बदलेल.

आपल्या देशातही कंपन्या जोडण्याचे काम सोपे गेलेले नाही. १९५३ साली विमानवाहतूक सरकारने हाती घेतली. तेव्हापासून एअर इंडियाची विमाने मुख्यतः परदेशी जात आणि इंडियन एअरलाइन्सची देशात. २००७ साली दोघी एक झाल्या. मात्र दोन्हीकडचे पगार, बढत्या आणि सेवाशर्ती यांचा मेळ बसेना. शेवटी २०११ साली न्यायमूर्ती धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. एअर इंडियाचे मुख्य ठाणे कित्येक वर्षे मुंबईत होते. त्यामुळे आपल्या मराठी घरांतल्या अनेकांनी ही ओढाताण जवळून पाहिली आहे. कंपन्यांचे कागद एका दिवसात एक होतात. माणसांच्या याद्या एक व्हायला वर्षे लागतात.

तेव्हा श्रोतेहो, विमानाचा पास आपल्यापैकी थोड्यांच्याच हाती पडणार. परंतु दोन दूधसंस्था, दोन पतपेढ्या, दोन शाळा एकत्र होण्याचे प्रसंग आपल्याकडेही येतात. अशा वेळी “तुमच्या सवलती तशाच राहतील” असे कुणी सभेत सांगितले, तर टाळी वाजवण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. सवलतीच्या रांगेत आता एकूण माणसे किती? नंबर कोणत्या नियमाने लागणार, आणि जुनी वर्षे त्यात धरणार का? हा नियम करारात लिहिला आहे की नुसत्या धोरणात? उत्तरे मिळाली तर लिहून घ्यावीत आणि इतिवृत्तात नोंदवून घ्यावीत. पुढे वाद निघाला, तर सभेतल्या शब्दापेक्षा हीच नोंद उपयोगी पडेल.