विषाणूचे पाठभेद

छापखाने येण्यापूर्वी ग्रंथ हाताने उतरवले जात. उतरवणारा कितीही दक्ष असला तरी कुठे काना राहून जाई, कुठे शब्द बदले, आणि पुढचा लेखनिक ती चूक इमानेइतबारे पुढे नेई. ज्ञानेश्वरीत असे पाठभेद इतके साचले, की शके १५०६ मध्ये एकनाथ महाराजांनी ती शुद्ध केली. कोणती पोथी कोणत्या घराण्यातली, हे अभ्यासक अशा पाठभेदांवरूनच ओळखतात. विषाणूंचे अभ्यासकही आज हेच काम करीत आहेत. फरक इतकाच, की तिथल्या एखाद्या अक्षरावर कुणाचे तरी आयुष्य अवलंबून असू शकते.

हा विषाणू म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, अर्थात एचपीव्ही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मूळ त्यात आहे, हे जर्मनीच्या हाराल्ड झुर हाउझेन यांनी दाखवले. त्यांच्या प्रयोगशाळेने १९८३ मध्ये सोळा क्रमांकाचा आणि पुढच्याच वर्षी अठरा क्रमांकाचा प्रकार शोधला. २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. या विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत, पण घातक डझनभरच. त्यातही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या शंभरातल्या सुमारे सत्तर रुग्णांमागे सोळा आणि अठरा हे दोनच प्रकार असतात. एकट्या भारतात २०२२ मध्ये या रोगाने सुमारे ८०,००० स्त्रिया दगावल्या, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे.

आता कोडे असे, की हा संसर्ग अगदी सामान्य आहे. शरीरसंबंधातून तो आयुष्यात केव्हा ना केव्हा बहुतेक स्त्री-पुरुषांना होतो आणि बहुतेकांचे शरीर वर्ष-दोन वर्षांत त्याला घालवूनही देते. थोड्या जणींमध्ये मात्र तो ठाण मांडतो आणि दहा-वीस वर्षांनी कर्करोग उभा राहतो. तिलाच का? या प्रश्नाचे उत्तर आजवर त्या बाईच्या आयुष्यात शोधले गेले. कमी वयातले लग्न, अनेक बाळंतपणे, तंबाखू, घटलेली प्रतिकारशक्ती. यांचा वाटा आहेच. पण खुद्द विषाणूचा जबाब कुणी घेतला होता?

सोळा क्रमांकाच्या विषाणूची पोथी सुमारे ७,९०० अक्षरांची. तिची ए, बी, सी आणि डी अशी चार घराणी आहेत. त्यांच्यातला अक्षरभेद अगदी थोडा, पण डी घराण्याच्या काही शाखांमुळे कर्करोगाचा, विशेषतः ग्रंथींच्या पेशींतून उद्भवणाऱ्या कर्करोगाचा, धोका कितीतरी वाढतो.

२०१७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील लिसा मिराबेलो, मार्क शिफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच प्रकारच्या ५,५७० नमुन्यांची संपूर्ण पोथी अक्षरन्‌अक्षर वाचली. हजारो वेगवेगळे पाठ निघाले. परंतु त्यात एक विलक्षण गोष्ट आढळली. ई-७ नावाच्या एका छोट्या जनुकात, ज्यांना नुसता संसर्ग होता त्या स्त्रियांमध्ये भरपूर पाठभेद होते. ज्यांना कर्करोग झाला, त्यांच्यात ते जवळजवळ नव्हतेच. या जनुकापासून अवघ्या ९८ घटकांचे प्रथिन बनते आणि ते आपल्या पेशींच्या बेसुमार वाढीला लावलेला ब्रेक निकामी करते. त्यातले एखादे अक्षर बिघडले, तर विषाणू संसर्ग करील, पण कर्करोगापर्यंत पोहोचणे त्याला बहुधा जमत नाही. आणि ही अक्षरे बिघडवण्यात आपल्या शरीरातल्या संरक्षक विकरांचाही हात असतो, असे पुढच्या संशोधनातून दिसते.

याचा अर्थ घराघरांनी समजून घ्यावा असा आहे. हा रोग झालेल्या बाईकडे आजही संशयाने पाहिले जाते. तिच्याही मनाला अपराधी वाटते, म्हणून ती दुखणे लपवते. वास्तविक एकाच पतीशी आयुष्य काढलेल्या बाईलाही हा संसर्ग होतो. तो नाहीसा होईल की जिवावर बेतेल, हे काही अंशी त्या विषाणूच्या अक्षरांवर ठरते. तिथे चारित्र्याचा संबंध येतोच कुठे?

उपाय मात्र कोणत्याही पाठासाठी तोच आहे. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात टाटा स्मारक केंद्र आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या सहभागाने तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ खेडूत स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. आयुष्यात एकदाच एचपीव्हीची चाचणी आणि वेळेवर उपचार, एवढ्यानेही या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे त्याने २००९ मध्ये जगाला दाखवले. मुलींसाठी लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची देशी लसही जानेवारी २०२३ मध्ये आली. लसीचा रोख विषाणूच्या बाहेरच्या कवचावर असतो, त्यामुळे सोळाच्या सगळ्या घराण्यांना ती पुरून उरते. नऊ ते चौदा हे तिचे योग्य वय.

तिशी ओलांडलेल्या आपल्या घरातल्या बायकांनी ही चाचणी कधी करून घेतली आहे का, एवढे आज जेवताना विचारायला हरकत नाही.