जलतत्त्व, टॅरोमधील

जलतत्त्व, टॅरोमधील : टॅरो या ७८ पत्त्यांच्या संचावरून भविष्यकथन करण्याच्या परंपरेत ‘चषक’ या रंगाशी निगडित मानलेले तत्त्व. प्रेम, स्नेह, शोक, स्मृती, स्वप्ने व अंतःप्रेरणा यांचे ते निदर्शक समजतात. संचात २२ हुकमाची चित्रपाने व चार रंगांची ५६ पाने असतात. दंड, चषक, खड्ग व नाणी या रंगांना अनुक्रमे अग्नी, जल, वायू व पृथ्वी ही तत्त्वे कल्पिलेली आहेत. ही चतुष्टयी एम्पेडोक्लीझ या ग्रीक तत्त्वज्ञाच्या विचारापासून आलेली असल्याने आकाश या पाचव्या महाभूताला तीत स्वतंत्र रंग नाही. भारतीय दर्शनांत जलाचा विशेष गुण ‘रस’ हा होय व काव्यशास्त्रात रस भावाशी संबद्ध आहे. त्यामुळे जल आणि भावना यांची सांगड मराठी वाचकास परकी वाटत नाही. तथापि या दोन कल्पनांचा ऐतिहासिक संबंध नाही.

ही सांगड वाटते तितकी प्राचीनही नाही. चषकाचा रंग ईजिप्तच्या मामलूक राजवटीतील पत्त्यांतही होता. असा एक संच इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात जतन केलेला आहे. यूरोपात पत्ते चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात आले आणि सु. १४४० च्या सुमारास उत्तर इटलीत त्यांना हुकमाच्या चित्रपानांची जोड मिळून टॅरो तयार झाला. तो खेळण्यासाठी होता. फ्रेंच विद्वान कूर द झेब्लँ याने १७८१ मध्ये टॅरो हा प्राचीन ईजिप्शियन ज्ञानग्रंथ असल्याचे प्रतिपादिले. ईजिप्तची चित्रलिपी तेव्हा कोणासही वाचता येत नव्हती. त्याच्या मते चषक म्हणजे पुरोहितवर्ग. चषक व जल यांचे समीकरण एकोणिसाव्या शतकातील गूढविद्यावाद्यांनी रूढ केले आणि लंडनमध्ये १८८८ साली स्थापन झालेल्या ‘गोल्डन डॉन’ या मंडळाने ते पद्धतशीर केले. कर्क, वृश्चिक व मीन या जलराशींना या मंडळाने अनुक्रमे रथ, मृत्यू व चंद्र ही हुकमाची पाने नेमून दिली.

आज सर्वाधिक प्रचलित असलेला संच पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने ए. ई. वेट यांच्यासाठी १९०९ मध्ये चितारला. त्यात पाण्याच्या अवस्थेवरून मनाची अवस्था सुचविलेली दिसते. पंजीच्या पानावर तीन पेले सांडलेले असून शोकमग्न व्यक्तीच्या पाठीशी दोन उभे आहेत. समोर नदी व तिच्यावर पूल आहे. सेवकाच्या पेल्यातून मासा डोकावतो, तर राजाचे सिंहासन समुद्रावर तरंगते. चंद्राच्या पानावर डबक्यातून कवचधारी जलचर वर येतो. एक्का विशेष लक्षणीय आहे. ढगातून आलेल्या हातावरील चषकातून जलधारा खाली पडतात. वेट यांच्या विवेचनात (१९११) त्या चार आहेत; चित्रात मात्र पाच मोजता येतात.

चार की पाच, हा प्रश्न कोल्हापूरच्या वाचकास ओळखीचा आहे. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या चार नद्या प्रत्यक्ष दिसतात. पाचवी सरस्वती गुप्त मानून प्रयाग चिखली येथील संगमापासून पंचगंगा हे नाव चालते. अर्थात हे साम्य योगायोगाचे होय. परंतु प्रतीक कसे घडते, हे त्यावरून कळते : अदृश्य धारा गणनेत धरली की संख्येला अर्थ येतो. या नदीचे पाणी केवळ भावनेचे प्रतीक म्हणून राहात नाही, हेही येथे नोंदवावयास हवे. राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फूट ही धोक्याची पातळी असून ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांवर गेले. २००५ व २०२१ मध्येही महापूर आले. सांडलेल्या पेल्यांवरून वियोग सुचविता येतो, पुराचा अंदाज मात्र पाऊस, धरणांतील विसर्ग व बंधाऱ्यावरील मोजपट्टी यांवरूनच करावा लागतो. पत्त्यांच्या भाकितांना शास्त्रीय आधार मिळालेला नाही. चित्रे पाहून मनुष्य स्वतःविषयी बोलू लागतो, एवढाच त्यांचा उपयोग प्रस्तुत लेखकास मान्य आहे.

महाराष्ट्रात दैवी संमती घेण्याची रीत निराळी आहे. कोकणात कौल लावताना फुलाच्या पाकळ्या पाण्याने ओल्या करून देवमूर्तीस चिकटवितात आणि उजवीकडची आधी पडल्यास होकार मानतात. येथे पाणी हे साधन आहे, प्रतीक नव्हे. पत्त्यांतील जलप्रतीके मात्र कोल्हापूरलगतच्या सावंतवाडीतच सापडतात. तेथील दशावतारी गंजिफाच्या १२० गोल पानांत दहा रंग असून प्रत्येकात राजा, प्रधान व एक ते दहा अशी बारा पाने असतात. पहिले दोन रंग मत्स्य व कूर्म यांचे, म्हणजे जलचर अवतारांचे आहेत. त्यांच्या पानांवर अनुक्रमे मासे व कासवे मोजून रंगविलेली असतात; पण ती भविष्य सांगण्यासाठी नसून डाव जिंकण्यासाठी आहेत.