चेहरा तोच, निकाल उलटा

मतदानयंत्रावर उमेदवारांचे फोटो आता रंगीत असतील आणि त्यांचा तीन चतुर्थांश भाग चेहऱ्याचा असेल, असे निवडणूक आयोगाने सप्टेंबर २०२५ मध्ये ठरवले. मग देखण्या उमेदवाराचे फावणार का?

चेहऱ्याचा पगडा खरा आहे. याबाबतीत माझा सर्वांत आवडता प्रयोग अँटोनाकिस आणि दाल्गास यांचा, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला. स्वित्झर्लंडमधल्या ५ ते १३ वर्षांच्या मुलांना त्यांनी ट्रॉय ते इथाका असा जहाजप्रवासाचा खेळ खेळायला दिला आणि मग दोन फोटो दाखवून विचारले, ‘तुमचा कप्तान कोण?’ फोटो होते फ्रान्सच्या २००२ च्या संसदीय निवडणुकीतल्या विजेत्यांचे आणि पराभूतांचे. मुलांनी निवडलेला कप्तान दहापैकी साधारण सात वेळा तिकडे निवडून आलेला निघाला! पाच वर्षांच्या पोराची नजर मतदाराच्या कौलाशी इतकी जुळावी, हे विलक्षणच.

पण त्या मुलांच्या हाती चेहऱ्याखेरीज काहीच नव्हते. आपल्या मतदाराला पक्ष ठाऊक असतो, चिन्ह ठाऊक असते, नाक्यावरची शाखा ठाऊक असते. ठाण्याच्या लोकसभा निवडणुकीचेच पाहा. राजन विचारे २०१९ मध्ये शिवसेनेच्या धनुष्यबाणावर चार लाखांहून अधिक मतांनी जिंकले. पक्ष फुटल्यावर २०२४ मध्ये तेच विचारे ठाकरे गटाची मशाल घेऊन उभे राहिले आणि धनुष्यबाणवाल्या नरेश म्हस्के यांच्याकडून दोन लाखांहून अधिक मतांनी हरले. चेहरा बदललेला नव्हता.

मग सारी किमया चिन्हाची? तसेही नाही. त्याच निवडणुकीत दक्षिण मुंबईत अरविंद सावंत यांच्या मशालीने धनुष्यबाणाला हरवले. ठाण्यात इतर गोष्टीही होत्या: ठाणे-कल्याण हा धनुष्यबाणवाल्या गटाचे नेते एकनाथ शिंदे यांचा बालेकिल्ला, शिवसेनेचे दिवंगत नेते आनंद दिघे यांच्या काळापासून शाखांचे जाळे घट्ट, शिवाय ‘पंतप्रधान कोण?’ हा प्रश्न होताच. मोदींची सभाही कल्याणला झाली होती. यातल्या कशाचा वाटा किती, हे मतमोजणीचे आकडे सांगत नाहीत. त्यासाठी मतदारालाच विचारावे लागते. पुणे विद्यापीठाच्या व. मं. सिरसीकरांनी १९६२ च्या निवडणुकीतल्या मतदारवर्तनाचा असाच अभ्यास केला होता.

विचारायचे कधी, हेही महत्त्वाचे. निकालानंतर काही जण जिंकलेल्यालाच मत दिल्याचे सांगतात. म्हणून ‘लोकनीती’ या संशोधन उपक्रमाची मतदानोत्तर पाहणी मोजणीआधी उरकते, घरी जाऊन नकली मतपत्रिका हाती देतात, ती भरून पेटीत टाकायची. मात्र देशव्यापी पाहणीत एका मतदारसंघाच्या वाट्याला फार थोडी माणसे येतात. कोपरीपासून अंबरनाथपर्यंत पुरेसा मोठा नमुना घेऊन असे काम मुंबई विद्यापीठाने हाती घ्यावे.