जोएल चँडलर हॅरिस : कथा कोणाची, वाणी कोणाची?

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात जन्मलेला जोएल चँडलर हॅरिस (मृत्यू १९०८) १८६२ मध्ये टर्नवोल्ड मळ्यावरील छापखान्यात उमेदवारीस लागला. तेथे गुलामगिरीत जखडलेल्या कृष्णवर्णीयांच्या तोंडून त्याने सशाच्या चातुर्यकथा ऐकल्या. गोऱ्या मुलास गोष्टी सांगणारा वृद्ध अंकल रीमस निर्मून त्याने १८८० मध्ये त्या ग्रंथरूप केल्या. प्रमाण इंग्रजीऐवजी बोलीचे उच्चार सुचविणारे लेखन त्याने योजिले; १८८३ च्या संग्रहात समुद्रकाठची ‘गल्ला’ बोलीही निराळी राखली. अभ्यासकास ही सामग्री मोलाची खरी. परंतु ती गोऱ्या श्रोत्याच्या कानांनी टिपलेली आहे. मालकाशी एकनिष्ठ रीमस ही हॅरिसची निर्मिती. बलिष्ठास चकविणाऱ्या दुर्बळाच्या कथा मात्र गुलामांच्या. हा भेद ओळखल्याखेरीज या ग्रंथांचे मूल्यमापन न्याय्य ठरणार नाही.