लस टोचली की बाळाला ताप का येतो?



मागच्या महिन्यात एका गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या, आणि उठता उठता एक सूनबाई म्हणाली, "ताई, बुधवारी बाळाचा अडीच महिन्यांचा डोस आहे, पण आम्ही नेणार नाही." दीड महिन्याच्या डोसनंतर बाळ रात्रभर तापलं होतं, मांडीला गाठ आली होती. तिच्या सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "चांगलं खेळतं लेकरू नेलं आन् आजारी करून आणलं!"

आम्ही तेव्हा एवढंच म्हणालो की लस चांगली असते, द्यायला हवी. हे काही उत्तर नव्हे, हे आमचं आम्हालाच कळलं. म्हणून दुसऱ्या दिवशी आशाताईंना घेऊन आम्ही उपकेंद्रात सिस्टरांजवळ बसलो आणि नीट समजून घेतलं. तेच आज सांगतो.

सुरुवात बाभळीच्या काट्यापासून करू, कारण तो आपल्या सगळ्यांना बोचलेला आहे. खुरपताना काटा घुसतो, काढायचा राहून जातो. दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, गरम लागते, सुजते, ठणकते. दोन-तीन दिवसांनी पू धरतो. आपण म्हणतो काटा पिकला. पण आत काय चाललेलं असतं?

आपल्या रक्तात लाल पेशी असतात तशा पांढऱ्या पेशीही असतात. मोहरीच्या दाण्याहून लहान अशा रक्ताच्या थेंबात लाल पेशी ४०-५० लाख, तर पांढऱ्या फक्त ४ ते ११ हजार. रक्ताच्या रिपोर्टावर हाच आकडा असतो. (डेंग्यूत "पेशी कमी झाल्या" म्हणतात त्या बहुतेक वेळा प्लेटलेट असतात, त्या वेगळ्या. रिपोर्ट हातात आला की कोणत्या पेशी ते विचारून घ्या.) या सगळ्या पेशी हाडांच्या आतल्या मगजात तयार होतात.

काट्याबरोबर जंतू आत गेले की त्या जागेवरून रसायनं सुटतात. तिथल्या रक्तवाहिन्या रुंद होतात, रक्त जास्त येतं, म्हणून लाली आणि गरमी. मग पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीतून बाहेर सरकतात आणि जंतूंना अक्षरशः गिळतात. आधी धावून येणाऱ्या या पेशींचं आयुष्य जेमतेम काही तासांचं किंवा फार तर काही दिवसांचं. जंतू मारता मारता त्याही मरतात. पू म्हणजे याच मेलेल्या पेशी आणि मेलेले जंतू. आपण पुवाला घाण म्हणतो, पण तो आपलाच असतो.

कधी कधी काटा पायात आणि गाठ जांघेत येते. आपण म्हणतो अवधाण आलं, आणि तेल लावून चोळत बसतो. जांघेत, काखेत, मानेत अशा गाठी मुळातच असतात. तिथे दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशी राहतात. जखमेतल्या जंतूंचे तुकडे तिथपर्यंत पोचतात, आणि ते ओळखून या पेशी एकीच्या हजार होतात, म्हणून गाठ फुगते. तेव्हा अवधाण चोळू नका, पायाची जखम बघा. ताप भरला किंवा जखमेपासून वर लाल रेघ दिसू लागली तर दवाखाना गाठा.

आता मुख्य गोष्ट. या दुसऱ्या जातीतली एकेक पेशी फक्त एकाच शत्रूला ओळखते. नवा जंतू आला की त्याला ओळखणारी पेशी सापडायला, ती वाढायला आणि तिच्याकडून त्या जंतूला चिकटणारी प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडा-दहा दिवस जातात. मोठ्या माणसाला एवढा वेळ निघतो. दोन महिन्यांच्या बाळाला डांग्या खोकला झाला तर तेवढा वेळ मिळेलच असं नाही. मात्र एकदा लढाई झाली की काही पेशी आठवण धरून वर्षानुवर्षं राहतात. तोच जंतू पुन्हा आला की त्या लगेच कामाला लागतात.

लस म्हणजे लढाई न होऊ देता ही आठवण तयार करणं. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना मांडीत देतात ती पाच रोगांची लस: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब. तिच्यात जिवंत जंतू एकही नसतो. मेलेले जंतू किंवा त्यांचे निरुपद्रवी केलेले अंश असतात. पण पांढऱ्या पेशींना ते खरेच वाटतात. मग मांडीला काट्यासारखीच सूज येते, आणि पेशींनी सोडलेली रसायनं मेंदूपर्यंत गेली की अंग तापतं. डांग्या खोकल्याच्या भागामुळे हा ताप जास्त येतो. म्हणजे बाळ आजारी पडलेलं नसतं, त्याच्या पेशी धडा शिकत असतात. दुसरी एक जण घाबरून विचारत होती, "माझ्या बाळाला ताप आलाच नाही, लस फसली का?" तसंही नाही. ताप न येताही पेशी शिकतात.

मग तीन वेळा कशाला? कारण एवढ्या लहान बाळाची पहिली आठवण कच्ची असते. आईच्या पोटातून आणि दुधातून, विशेषतः पहिल्या चिकातून, बाळाला प्रतिपिंडं मिळतात, पण ती उसनवारी आहे, काही महिन्यांत संपते. बाळाची स्वतःची बचत दुसऱ्या-तिसऱ्या डोसनेच वाढते.

बैठकीत एका आजींनी दंडावरचा देवी काढल्याचा गोल वण दाखवला. आपल्या मुलांच्या दंडावर तो नाही, कारण १९७५ नंतर देवीचा रोगच देशातून गेला. गोवर मात्र गेलेला नाही. २०२२ साली मुंबई, भिवंडी, मालेगावात तो पसरला होता. गोवराचं वाईट हे की तो आठवण ठेवणाऱ्या पेशीच मारतो. अंगावरचे पुरळ जातात, पण आधी कमावलेली बरीचशी आठवण पुसली जाते, आणि मग न्यूमोनिया, जुलाब त्या मुलाला गाठतात. म्हणून नऊ महिने पूर्ण झाल्यावरची आणि दीड वर्षाच्या सुमाराची गोवराची लस चुकवू नका. या लशीचा ताप आठवड्याभरानेही येतो, हे आधीच माहीत असलेलं बरं.

लस दिल्यावर अर्धा तास तिथेच थांबा. गाठ चोळू नका, शेकू नका, गार ओल्या फडक्याची घडी ठेवा. तापाचं औषध सिस्टर सांगतील तेवढंच द्या, अंगावर पाजत राहा. ताप दोन दिवसांहून जास्त राहिला, बाळ पीत नसलं, मलूल पडलं किंवा झटका आला, तर थांबू नका, लगेच दवाखान्यात न्या. एखादा डोस राहिला असेल तर पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलेला पुढे घेता येतो.

आणि हो, "इम्युनिटी वाढवणारी" पावडर घेऊन कोणी गटात आलं तर त्यात कर्जाचे पैसे घालू नका. तेवढ्यात महिन्याची डाळ-अंडी येतात, आणि पांढऱ्या पेशी त्यावरच तयार होतात.

त्या बुधवारी सूनबाई बाळाला घेऊन आली. सासूबाईही आल्या, पण बाहेर ओट्यावरच बसून राहिल्या, आमच्याशी फारसं बोलल्या नाहीत. रात्री बाळाला ताप आला. सकाळी फोन आला तो सासूबाईंचा: "आलाय ताप. दूध पितंय. आता पुढची तारीख कवा हाय?"