धुळ्याचं विमान जळगावहून सुटतं

जळगाव ते धुळे हे सरळ रेषेतलं अंतर सुमारे ८३ किलोमीटर. रस्त्यानं बांभोरीचा गिरणेवरचा पूल ओलांडून पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे असं गेलं की ते ९५च्या आसपास जातं. रेल्वेनं जायचं तर चाळीसगावला उतरून धुळ्याची गाडी धरायची. हा फेरा जवळपास दीडशे किलोमीटरचा.

मग विमानानं किती वेळ लागेल? छोट्या शहरांना जोडणारं एटीआर-७२ विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगानं उडतं. त्या हिशेबानं ८३ किलोमीटरला दहा मिनिटं पुरावीत. पण विमानाला आधी धावपट्टीच्या टोकाशी जायचं असतं, मग उंची गाठायची, दिशा धरायची आणि उतरण्यासाठी पुन्हा रांगेत यायचं. एवढ्या कमी अंतरात पूर्ण वेग मिळण्याआधीच खाली येण्याची तयारी सुरू होईल. म्हणजे दहाची पंचवीस मिनिटं सहज होतील. त्यात तासभर आधी विमानतळावर पोचणं आलं. तेवढ्या वेळात एसटी पारोळ्याच्या पुढे निघालेली असते.

स्कॉटलंडमध्ये वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या बेटांदरम्यान जेमतेम पावणेतीन किलोमीटरची विमानसेवा चालते. वेळापत्रकात तिला दोन मिनिटं दिलेली आहेत. तिथे मध्ये समुद्र आहे. इथे गिरणा, अंजनी, बोरी या नद्या आहेत आणि तिन्हींवर पूल आहेत.

खरा प्रश्न वेगळाच आहे: धुळेकरानं विमान गाठायचं कुठे? धुळ्याजवळ गोंदूरची धावपट्टी आहे, पण तिथे शिकाऊ वैमानिक सराव करतात. जळगावचा विकसित विमानतळ २०१२मध्ये खुला झाला, १,७०० मीटरच्या धावपट्टीवरून ‘उडान’ योजनेत डिसेंबर २०१७मध्ये मुंबईची सेवा सुरू झाली आणि मध्ये खंडही पडले. २०२४मध्ये फ्लाय ९१ या विमान कंपनीनं गोवा, हैदराबाद आणि पुणे जोडलं.

मुंबईला निघालेल्या धुळेकराला मात्र हा मार्ग उलटा पडतो. आधी पूर्वेला शंभरेक किलोमीटर, तेही जळगाव शहर ओलांडून, कारण विमानतळ पलीकडच्या अंगाला आहे. सव्वादोन तास रस्त्यात, एक तास विमानतळावर, सव्वा तास विमानात, शिवाय मुंबईत बाहेर पडण्याचा वेळ. पाच तास होतातच. मुंबई-आग्रा रस्त्यानं थेट मुंबई साडेसहा-सात तासांवर आहे. वाचतो तो वेळ तिकिटाच्या मानानं थोडा. हैदराबाद किंवा गोव्याला जाणाऱ्याचा मात्र अख्खा दिवस वाचतो, आणि जळगावच्या विमानतळाचा धुळ्याला खरा उपयोग इथेच आहे.

म्हणून फागणे ते जळगावजवळचं तरसोद हा महामार्गाचा सुमारे ८७ किलोमीटरचा चौपदरी पट्टा धुळ्याच्या विमानप्रवासाचाच पहिला टप्पा आहे. सप्टेंबर २०२४मध्ये मंजूर झालेला मनमाड-इंदूर लोहमार्ग धुळ्यावरून जाणार आहे. तो नरडाण्याला सुरत-जळगाव मार्गाला मिळाला की अमळनेरमार्गे जळगाव गाठता येईल आणि चाळीसगावचा वळसा टळेल. तोवर विमानांच्या वेळा पाहून धुळ्याहून थेट विमानतळापर्यंत एसटी सोडायला हवी. त्यासाठी नवी धावपट्टी लागत नाही, वेळापत्रक नीट जुळवावं लागतं.